वैमानिकाची चूक : महायुद्धातील शिकाऊ वैमानिकांचे मृत्यू

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा लढायांचा. डंकर्क, स्टालिनग्राड, इंफाळ, नॉर्मंडी ही नावे शाळेच्या पुस्तकांपासून ओळखीची असतात. हवाई युद्ध म्हटले की लंडनवरचे बॉम्बहल्ले, जर्मन शहरांची राखरांगोळी आणि शेवटी हिरोशिमा आठवते. मात्र याच युद्धात हजारो तरुण असे मेले की ज्यांनी शत्रूचे विमान कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. ते धावपट्टीजवळ, शेतात, डोंगरात किंवा खाडीत कोसळले. ते विमान चालवायला शिकत होते.

आकडे पाहिले म्हणजे या मरणाची व्याप्ती लक्षात येते. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे सुमारे ५५,५०० विमानकर्मी या युद्धात मृत्यू पावले. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक जण शत्रूवरच्या मोहिमेत नव्हे, तर प्रशिक्षणातील आणि इतर अपघातांत गेले. म्हणजे साधारणपणे दर सात मृतांमागे एक. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाचे सुमारे ८८,००० लोक मरण पावले. त्यांतले पंचवीस हजारांहून अधिक विमान अपघातांत. या अपघातबळींपैकी सुमारे १५,००० जण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच मेले, जिथे शत्रूचे एकही लढाऊ पथक फिरकले नव्हते. युद्धाच्या काळात रोज सरासरी दहाच्या आसपास घरांत अशी तार जात होती.

लढाईत मेलेल्याच्या घरी गावाचे लोक येतात, त्याचे नाव रस्त्याला दिले जाते. शिकता शिकता मेलेल्याच्या वाट्याला बहुधा चौकशीचा अहवाल येतो आणि त्या अहवालात पुष्कळदा एकच निष्कर्ष असतो : वैमानिकाची चूक. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून या दोन शब्दांच्या मागे काय काय दडले होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

कारखान्यात विमान बनते, वैमानिक नाही

१६ मे १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकी संसदेपुढे वर्षाला ५०,००० विमानांचे लक्ष्य ठेवले. तेव्हा ते स्वप्नवत वाटले. पण मोटारींचे कारखाने विमानांकडे वळवून अमेरिकेने ते लक्ष्य ओलांडले. अडचण होती माणसांची. १९३९च्या मध्यापासून १९४५च्या मध्यापर्यंत अमेरिकेने सुमारे १,९३,००० लष्करी वैमानिक तयार केले. शांततेच्या काळात ज्या दलातून वर्षाला काही शे वैमानिक बाहेर पडत, त्याने ही उडी घेतली होती.

मुलगा दाखल व्हायचा अठरा-वीस वर्षांचा. आधी स्टीअरमनसारखे दोन पंखांच्या जोड्यांचे हलके विमान, मग व्हल्टी, मग टेक्सन, असे तीन टप्पे. सगळे मिळून दोनशे तासांच्या आसपास उड्डाण झाले की छातीवर पंखांचे चिन्ह लागे. त्यानंतर खऱ्या लढाऊ किंवा बॉम्बफेकी विमानावर हात बसवायचा. या शेवटच्या टप्प्यावर यंत्राची ताकद एकदम कित्येक पटींनी वाढायची. सायकल शिकलेल्या मुलाला थेट मालवाहू ट्रकवर बसवावे तसा तो प्रकार होता.

ब्रिटनने वेगळी वाट काढली. आकाश शत्रूच्या विमानांनी भरलेले आणि हवा बेभरवशाची. तेव्हा शिकवण्यासाठी दूरचा मुलूख हवा होता. १७ डिसेंबर १९३९ रोजी झालेल्या करारानुसार कॅनडात राष्ट्रकुल देशांची मोठी प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि तिच्यातून १,३१,००० हून अधिक विमानकर्मी तयार झाले. सपाट मैदाने, मोकळे आकाश, सगळे काही होते. तरी मृत्यू टळले नाहीत. ओटावा शहरात १९५९ साली उभारलेल्या स्मारकावर सुमारे ८०० नावे आहेत. कॅनडा, अमेरिका आणि वेस्ट इंडिजमध्ये सेवेत किंवा प्रशिक्षणात गेलेल्या आणि ज्यांना ओळखीची कबरही मिळाली नाही, अशांची ती नावे.

कॅनडात शिकून ब्रिटनला पोहोचलेल्यांत जॉन गिलेस्पी मॅगी हा एक अमेरिकन तरुण होता. उड्डाणाच्या आनंदावर त्याने लिहिलेली एक छोटी कविता पुढे जगभरच्या वैमानिकांना पाठ झाली. ११ डिसेंबर १९४१ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायरवर ढगांतून खाली येताना त्याचे स्पिटफायर दुसऱ्या एका विमानावर आदळले. तो एकोणीस वर्षांचा होता. दुसरे विमान होते प्रशिक्षणाचे ऑक्सफर्ड आणि त्यात होता क्रॅनवेलचा एक शिकाऊ वैमानिक. तोही त्याच क्षणी गेला. कवीचे नाव राहिले. ज्याने कविता लिहिली नाही त्या मुलाची आठवण त्याच्या घरच्यांपुरती उरली.

डोंगरात हरवलेले

कॅनडाहून ब्रिटनला आलेल्या मुलांची खरी परीक्षा तिथे व्हायची. तिथल्या प्रशिक्षण तुकड्यांना मिळणारी विमाने बहुधा लढाईतून निवृत्त केलेली, इंजिने थकलेली. शिकवणारेही थकलेलेच. तीस मोहिमा पार करून जिवंत राहिलेल्या वैमानिकाला ‘विश्रांती’ म्हणून सहा महिने प्रशिक्षकाचे काम दिले जाई. नवख्या मुलाच्या हातात जुने वेलिंग्टन देऊन रात्रीच्या अंधारात शेजारी बसणे ही कसली विश्रांती, हे त्या प्रशिक्षकांनाच ठाऊक!

शत्रूच्या भीतीने जमिनीवर दिवे नसत. वेल्स आणि स्कॉटलंडचे डोंगर ढगांत बुडालेले असत. सोबतचा दिशादर्शकही शिकाऊ. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला की विमान मार्गापासून कित्येक मैल सरकायचे. आपण समुद्रावर आहोत या समजुतीने वैमानिक ढगांतून खाली यायचा आणि समोर कडा असायचा. आजही त्या डोंगरांत चालणाऱ्यांना इंजिनांचे व पंखांचे गंजलेले तुकडे सापडतात.

वेल्समधील लँडुरोग येथील तळावर जॉर्ज ग्रॅहम नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. कोसळलेल्या विमानातले सगळेच जागच्या जागी मरत नाहीत, काही जण थंडीने आणि रक्तस्रावाने तासातासाने मरतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी स्वयंसेवक जमवले, त्यांना दोर बांधून कडे चढायला शिकवले. १९४३मध्ये याच प्रयत्नांतून ब्रिटिश हवाई दलाच्या पर्वतीय बचाव पथकांची रचना उभी राहिली. हवाई दलाने ती आखून निर्माण केलेली नव्हती. समोर मरणारी मुले पाहून एका डॉक्टरने केलेला तो हट्ट होता.

‘विधवा करणारे’ विमान

‘वैमानिकाची चूक’ या निष्कर्षाची सर्वांत चांगली तपासणी होते ती बी-२६ मरॉडर या विमानाच्या कहाणीत. बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन कंपनीचे हे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान इतक्या घाईत मागवले गेले की आधी नमुना बनवून चाचणी घेण्याची पायरीच गाळली होती. कागदावरच्या आराखड्यावरच मागणी नोंदवली गेली. नोव्हेंबर १९४०मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. विमान वेगवान होते. पण पंख आखूड आणि वजन जास्त. त्यामुळे उतरताना त्याचा वेग इतर विमानांपेक्षा बराच अधिक ठेवावा लागे. वेग थोडा कमी झाला की ते दगडासारखे खाली येई.

फ्लॉरिडातील टँपाजवळच्या मॅकडिल तळावर या विमानाचे शिक्षण चाले. ज्यांनी दोन इंजिनांचे विमान फारसे हाताळले नव्हते अशी मुले तिथे येत. अपघातांची रांग लागली. ‘दिवसाला एक, टँपाच्या खाडीत’ असा अर्थ असलेली यमकबद्ध म्हण सैनिकांत रूढ झाली. म्हणीत अतिशयोक्ती होती, पण ती रचणाऱ्यांच्या पोटातली भीती खरी होती. विमानाला ‘विधवा करणारे’ असे नाव पडले. उत्पादन बंद करावे काय, यावर चौकशी मंडळे बसली. सेनेटर हॅरी ट्रूमन यांच्या समितीनेही त्यात लक्ष घातले.

चौकशीत हळूहळू जे बाहेर आले ते शिकण्यासारखे होते. यांत्रिक नवखे होते. विमान जमिनीवर उभे असताना बॅटरीवर इतका ताण पडे की उड्डाणाच्या वेळी इंजिनाच्या पुढच्या पंख्यांचा कोन बदलणारी विद्युत यंत्रणा दगा देई. मूळ आराखड्यापेक्षा सामान आणि शस्त्रे वाढवत नेल्याने वजन वाढले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचे, हे मुलांना पुरेसे शिकवलेच जात नव्हते.

मग पंखांची लांबी ६५ फुटांवरून ७१ फुटांवर नेली. यांत्रिकांचे शिक्षण सुधारले. टोकियोवरच्या हल्ल्याने नाव झालेल्या जेम्स डूलिटल यांच्यावर या विमानाची भीती घालवण्याचे काम सोपवले गेले. एक इंजिन बंद करूनही ते सुखरूप उडवता येते, हे मुलांना डोळ्यांनी दाखवले गेले. परिणाम काय झाला? हेच विमान पुढे युरोपच्या लढाईत उतरले आणि त्याचे नुकसान मोहिमांच्या प्रमाणात एक टक्क्याहूनही कमी राहिले. अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांतले ते सर्वांत सुरक्षित ठरले.

मुले तीच, त्याच वयाची. आकाशही तेच, उलट आता खालून शत्रूच्या तोफाही चालू होत्या. बदलले होते ते यंत्र, त्याची निगा आणि शिकवण्याची पद्धत. मग टँपाच्या खाडीत गेलेल्यांच्या अहवालांत जिथे जिथे ‘वैमानिकाची चूक’ लिहिले गेले, त्यातली किती चूक खरोखर त्यांची होती?

दोन सारखे खटके

त्या काळी अमेरिकी हवाई दलाच्या अपघात अहवालात जबाबदारी टक्क्यांत वाटली जाई : इतके टक्के वैमानिक, इतके टक्के यंत्र, इतके टक्के हवामान. वैमानिकाच्या रकान्यात मोठा आकडा पडला की फाईल बंद व्हायची. हा रकाना उघडून पाहण्याचे काम मानसशास्त्रज्ञांनी केले, ही गोष्ट गमतीची वाटेल.

ओहायोमधील राइट फील्ड येथे आल्फोन्स चॅपानिस नावाचा पंचविशीतला मानसशास्त्रज्ञ नोकरीला होता. बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवर वैमानिक अचानक चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर आपटे. अहवाल ठरलेला : वैमानिकाची चूक. चॅपानिसने प्रश्न बदलला. ही चूक सी-४७ या विमानाचे वैमानिक का करत नाहीत? तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला, तेव्हा उत्तर समोरच होते. बी-१७मध्ये चाकांचा खटका आणि पंखांच्या मागच्या फ्लॅपचा खटका एकमेकांशेजारी आणि अगदी सारखे होते. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात. थकलेला हात शेजारच्या खटक्यावर जायचा. त्याने चाकांच्या खटक्याच्या टोकाला छोटे रबरी चाक लावले आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला. न पाहताही हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. आज हजला जाणाऱ्या विमानात आपण बसतो तेव्हाही पुढे कॉकपिटमध्ये चाकांचा खटका चाकाच्याच आकाराचा असतो.

युद्ध संपल्यावर १९४७मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनी स्वतः सांगितलेल्या ४६० ‘चुकां’चा अभ्यास मांडला. त्यांतल्या पुष्कळ चुकांचे मूळ यंत्राच्या रचनेत सापडले. इंजिनाची ताकद, पंख्याचा कोन आणि इंधनाचे मिश्रण यांचे तीन दांडे शेजारी असतात. बी-२५ विमानात त्यांचा क्रम एक, सी-४७मध्ये दुसरा, सी-८२मध्ये तिसराच! एका विमानावर सवय झालेला हात दुसऱ्या विमानात चुकीचा दांडा ओढणारच. आधी शिकलेली गोष्टच घातक ठरावी, अशी ही योजना होती. ती मुलांनी केलेली नव्हती.

ज्यांच्या पेटीवर ध्वज नव्हता

पुरुष वैमानिक लढाईवर गेल्याने मायदेशातल्या उड्डाणांसाठी अमेरिकेने स्त्रियांचे एक दल उभारले. पंचवीस हजारांहून अधिक जणींनी अर्ज केले आणि १,०७४ जणी टेक्सासमध्ये शिकून बाहेर पडल्या. कारखान्यांतून विमाने तळांवर पोहोचवणे, दुरुस्त झालेली विमाने तपासणे, तोफखान्याच्या सरावासाठी मागे कापडी लक्ष्य ओढत उडणे ही त्यांची कामे. या दलाच्या अडतीस जणी मृत्यू पावल्या.

मेबल रॉलिन्सन ही त्यांच्यातली एक. २३ ऑगस्ट १९४३ रोजी उत्तर कॅरोलिनातील कँप डेव्हिस येथे रात्रीच्या सराव उड्डाणात तिच्या जुन्या ए-२४ विमानाचे इंजिन बिघडले. विमान धावपट्टीजवळ कोसळून पेटले. मागच्या आसनावरचा प्रशिक्षक बाहेर फेकला गेला आणि वाचला. मेबल आत अडकली. तिच्या आसनावरच्या झाकणाची कडी नीट उघडत नव्हती, असे तिच्या सोबतच्या स्त्री वैमानिकांनी सांगितले.

या स्त्रिया कायद्याने सैनिक नव्हत्या, नागरी नोकर होत्या. म्हणून मृत्यूनंतर लष्करी मानवंदना नाही, पेटीवर राष्ट्रध्वज नाही आणि पार्थिव घरी पाठवण्याचा खर्चही पुष्कळदा मैत्रिणींनी वर्गणी काढून केलेला. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा देणारा कायदा झाला १९७७ साली. अमेरिकी संसदेचे सुवर्णपदक मिळाले ते २०१०मध्ये. तोवर बहुतेक जणी हयात नव्हत्या.

आपल्या आकाशात

हिंदुस्थानची कथा याहून वेगळी नव्हती, फक्त कमी लिहिली गेली. १९३९मध्ये भारतीय हवाई दलाची एकच स्क्वॉड्रन होती; युद्ध संपताना नऊ झाल्या. त्यासाठीची मुले अंबाला, जोधपूर, बेगमपेट अशा तळांवर शिकली. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ हे त्यांतले एक. १९४२च्या जानेवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी ते अधिकारी झाले. कराचीच्या किनाऱ्यावर गस्त घालायला त्यांच्या तुकडीला मिळाली ती वापिटी आणि ऑडॅक्स ही उघड्या कॉकपिटची जुनी विमाने. पुढे ते ब्रिटनला जाऊन हरिकेन आणि स्पिटफायर शिकले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले, फाळणीनंतर भारतातच राहिले, १९७८मध्ये हवाई दलप्रमुख झाले आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांचे चरित्र आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण अशा शिक्षणातून सुखरूप बाहेर पडणे हाही त्या पिढीसाठी पराक्रमच होता, हे त्यात सहसा येत नाही.

२६ जुलै १९४५ रोजी, जर्मनीने शरणागती पत्करून अडीच महिने झाले असताना, आजच्या ओडिशातील मयूरभंज भागात अमर्दा रोड या तळाजवळ ब्रिटिश हवाई दलाची दोन लिबरेटर विमाने एकमेकांवर आदळली. सहा विमाने एकत्र उडण्याचा सराव करत होती. चौदा जण ठार झाले. तीन आठवड्यांत जपाननेही शस्त्रे ठेवली.

युद्ध संपले, सवय मात्र संपली नाही. स्वतंत्र भारतात शिकाऊ वैमानिक संथ विमानावरून थेट मिग-२१सारख्या अतिवेगवान विमानावर जात राहिले. मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२मध्ये केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४मध्ये आणि मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरच्या तळावर ती दाखल झाली २००८मध्ये. दरम्यान सव्वीस वर्षे गेली. खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ कोसळली आणि १७१ वैमानिक गेले, असे संरक्षणमंत्र्यांनी २०१२मध्ये संसदेत सांगितले. कारणे दोन दिली : मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. सप्टेंबर २००१मध्ये सूरतगडला मुलगा गमावलेल्या पुण्यातील एका मातेने त्यातले पहिले कारण मुकाट्याने मान्य करायला नकार दिला आणि वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

आपल्या वर्तमानपत्रांत एसटीचा किंवा ट्रकचा अपघात छापून येतो तेव्हा वाक्य ठरलेले असते : चालकाचा ताबा सुटल्याने. चालक किती तास झोपला नव्हता, ब्रेक कधी तपासला होता, वळणावर फलक होता का, हे क्वचित छापले जाते. चालक मेला असेल तर मुळीच नाही. माणूस चुकतो, यात शंका नाही. शिकणारा तर चुकणारच, म्हणून तर तो शिकणारा! त्याची चूक जीवघेणी होणार नाही अशी व्यवस्था करणे ही शिकवणाऱ्याची, यंत्र बनवणाऱ्याची आणि घाई करणाऱ्या सत्तेची जबाबदारी असते. ग्रॅहमनी दोर उचलले, चॅपानिसने रबरी चाक लावले, मरॉडरचे पंख सहा फुटांनी वाढले. प्रत्येक वेळी कोणीतरी ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांपाशी थांबायचे नाकारले होते.

पुण्याजवळ खडकीला महायुद्धातील मृतांची एक दफनभूमी आहे. एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. त्यांत हवाई दलाच्या लोकांचेही दगड आहेत. दगडावर हुद्दा, नाव, दल, तारीख आणि वय असते. तो लढाईत गेला की सरावात, हे लिहिलेले नसते. ज्या आयोगाने या कबरी राखल्या त्याचा नियमच तसा आहे : सेवेत असताना मृत्यू कसा आला, यावरून दगडात फरक करायचा नाही. अहवालांनी जो न्याय नाकारला, तो त्या दगडांनी दिला आहे. एखाद्या रविवारी तिकडे जाणे झाले तर दगडांवरची वये जरूर वाचावीत.